इंदूबायचा नाचणीचा चहा

रोज सकाळी मागच्या पडवीतून इंदूबायची हाक यायची, "ये रं, चहा झालाय." आणि माझा नवरा, मी गाळत असलेला चहा तसाच सोडून, तिच्याकडे जायचा.

इंदूबाय माझी थोरली जाऊ. दीर जाऊन बरीच वर्षं झालेली. कुंभिवलीत आमची दोन घरं एकाच भिंतीला लागून. पलीकडे ती एकटी, अलीकडे आम्ही दोघं. ती लग्न होऊन आली तेव्हा माझा नवरा शाळेत जात होता. तिच्या हातचं खाऊनच तो वाढला. हे सगळं मला माहीत होतं, तरी सहन होत नव्हतं.

तिच्या चहात चहापत्ती नसायची. पोशीरला तिचं माहेर, तिथली नाचणी यायची. त्यात थोडे जव घालून ती तव्यावर मंद आचेवर भाजत बसायची. तो खमंग वास माझ्या स्वयंपाकघरात शिरला की माझ्या हातातलं काम बिघडायचं. भाजलेले दाणे उकळून, गाळून, दूधसाखरेशिवाय ती पेला पुढे करायची आणि म्हणायची, "पी गुमान. रोगाशी भांडायला अंगात ताकद येती, रगताच्या नळ्या मोकळ्या र्‍हातात." यातलं नळ्यांचं तिनं भाचीच्या मोबाइलवर ऐकलं होतं, पण सांगताना वाटावं, तिच्या आजीनंच शिकवलंय.

नवऱ्याला ब्लडप्रेशर निघालं तेव्हा मी लोणचं-पापड बंद केलं. कारखान्यातल्या पॅकिंगच्या कामावरून दमून आले तरी त्याची भाजी वेगळी, कमी मिठाची करत होते. गोळ्याही मीच आणायची. पुढच्या तपासणीला प्रेशर उतरलेलं निघालं. परत येताना वाटेत भेटेल त्याला तो सांगत सुटला, "वहिनीच्या चहानं गुण आला." तो मालाची भाडी मारायचा त्याच टेंपोत मी त्याच्या शेजारी गोळ्यांची पाकिटं मांडीवर घेऊन बसले होते.

एका पावसाळ्यात आळीत तापाची साथ आली. मीही पडले. इंदूबाय आली, मानेखाली हात घालून तिनं मला उठवलं आणि पेला तोंडाला लावला. चहा जरासा कडवट, गरम आणि चांगला लागला. तो चांगला लागला याचाच मला जास्त राग आला.

मग एक दिवस खोपोलीत माल उतरवताना नवऱ्याला घेरी आली. दवाखान्यात पोचले तेव्हा प्रेशर भलतंच चढलेलं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा कळलं, त्यानं गोळ्या कधीच्या सोडल्या होत्या. चहानं नळ्या मोकळ्या होतात, मग गोळ्या कशाला, असं त्याचं म्हणणं. डॉक्टर शांतपणे म्हणाले की चहा खुशाल प्या, साखर पोटात जात नाही तेवढं बरंच आहे. पण औषधाचं काम तो करणार नाही. हीच घेरी स्टिअरिंगवर असताना आली असती तर काय झालं असतं, तेही त्यांनी सांगितलं.

इंदूबायला तोंडावर बोलायची संधी मला पहिल्यांदाच मिळत होती. वाटेभर मी शब्द जुळवत होते. घरी येऊन तिला सगळं सांगितलं. ती मटकन खाली बसली. तिचा चेहरा एवढा पडला की जुळवलेले शब्द टाकून मी तिला पाणी आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा तिच्या पडवीत गेला. तिनं पेला भरला, पण हातात दिला नाही.

"आधी तिच्या हातची गोळी घे. माझ्या म्होरं घे."

"वहिनी, मी घेतो नंतर."

"मंग चहा बी नंतर," ती म्हणाली आणि मला हाक मारली, "गोळी आन गं."

मी गोळी नेली. त्यानं निमूट गिळली. त्यानंतर त्याची एकही गोळी चुकली नाही. आदल्या रात्री मी किती विनवण्या केल्या होत्या, रडलेही होते. तिच्या एका वाक्यानं काम झालं. नवरा वाचला याचा आनंद होताच, पण तो तिच्यामुळे वाचला हे मनात सलत राहिलं.

तपासणीला जाताना मी तिलाही चल म्हणायची. ती हसायची. "मला काय झालंय? मी रोज पिते की." तिनं स्वतःचं प्रेशर कधी मोजू दिलं नाही. गेल्या माघात एका सकाळी पडवीतून हाक आली नाही. नवरा बघायला गेला तर ती चुलीपाशी पडलेली, तोंड एका बाजूला वाकडं झालेलं. दवाखान्यात नेलं, पण मेंदूतली नस फुटली होती. संध्याकाळपर्यंतच होती.

मसणातून आल्यावर नवरा तिच्या दारात बसून ओक्साबोक्शी रडला. स्वतःच्या आईला पोचवून आला तेव्हा तो असा रडला नव्हता. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते. बायकांना वाटलं, मी त्याला धीर देतेय. माझ्या मनात एवढंच होतं की मी गेल्यावर हा असा रडेल का? याचं खरं उत्तर मला, त्याला पोरपणापासून ओळखणारी एकटी इंदूबायच देऊ शकली असती.