मोकळी पायरी

आमचा दादा लिफ्टचा मिस्त्री. निवृत्त झाला तरी कंपनीने त्याला सोडलं नाही. लिफ्टमध्ये माणूस अडकला की बाकीचे मिस्त्री आधी पाना शोधतात, दादा आधी दाराला तोंड लावून म्हणतो, "आत कोण आहे? मी आलोय. आता घाबरायचं नाही." नव्या कामगारांनाही तो हेच शिकवतो. आधी बोला, मग हत्यार काढा. अडकलेल्याला अंधाराची भीती नसते, लोक आपल्याला सोडून निघून जातील याची असते, असं त्याचं म्हणणं.

अशा शहाण्या माणसाला साठीत सायकलीचं वेड लागलं. आणि वेड तरी कसलं! आधी थंडगार तळ्यात पोहायचं, अंग निथळत असतानाच डोंगरातल्या दगडधोंड्यांतून सायकल हाणायची, आणि ती टाकून त्याच डोंगरात धावत सुटायचं. ट्रायथलॉन म्हणतात त्याला, आणि हा त्यातला आडवाटेचा प्रकार. आपल्याकडे कोणी भरवत नाही, म्हणून आमची स्वारी परदेशात जाऊन चिखलात लोळणार. वहिनी गेल्यापासून घरात आम्ही दोघं भावंडंच. मी जन्मभर शाळेत शिकवलं, त्यामुळे गप्प बसणं मला जमत नाही. म्हटलं, "अरे, पडायचंच असेल तर जिन्यावरून पड की, त्याला विमान कशाला?" तो नुसता हसला. माझ्या कुंड्या बाजूला सारून त्याने बाल्कनीत सायकल टांगली.

पहिल्याच वर्षी गडी पहिला नंबर घेऊन आला. साठीच्या पुढच्या गटात पहिला! आता खरं सांगायचं तर त्या गटात तो एकटाच होता, आणि सगळ्या स्पर्धकांत जवळजवळ शेवटचा. फोटोत तीन पायऱ्यांचा चौथरा, मधल्या उंच पायरीवर दादा, आणि दोन्ही बाजूंच्या पायऱ्या मोकळ्या. वासरात लंगडी गाय शहाणी म्हणावं, तर इथे वासरंही नव्हती. पण कंपनीतल्या स्टोअरकीपरने हौसेने तो फोटो दोन्हीकडून कापला, मोठा केला, खाली 'जगात पहिला' असं लिहिलं आणि जेवणाच्या खोलीत लावला.

"अगं, लोक इतके खूश झालेत," दादा मला म्हणाला, "आता काय सांगू त्यांना?"

झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून मीही सोडून दिलं. तो मात्र त्या खोलीत फोटोकडे पाठ करून जेवायला बसू लागला.

दुसऱ्या वर्षी स्पर्धेच्या आधी तिकडच्या एका बेकरीवाल्याचा मेल आला. दादा एका बोटाने टाइप करतो, म्हणून त्याचे मेल मीच वाचते आणि उत्तरंही मीच लिहिते. बेकरीवाल्याने लिहिलं होतं, साठीच्या पुढच्या गटात मी नेहमी एकटा असायचो, गेल्या वर्षी गुडघ्याने दगा दिला म्हणून आलो नाही, तर तू उगवलास! आता सोबत मिळाली, मजा येईल. मला तो माणूस तिथेच आवडला. दादाचा चेहरा मात्र उतरला. "म्हणजे नंबर जाणार," तो म्हणाला. मग तो असा काही पेटला की जेवताना बोलेना आणि बोलला तर टायरबद्दल.

आला, तो पुन्हा पहिला नंबर घेऊन. या वेळी फोटोत शेजारच्या पायरीवर एक बुटका, गुबगुबीत माणूस होता. कानापर्यंत चिखल, आणि दादाचा हात धरून त्याने तो उंच केला होता. मी म्हटलं, "हा लाव बाबा. यात कापायला काही नाही." दादाने तो फोटो कपाटात स्वेटरांच्या खाली घातला.

वर्षभर बेकरीवाल्याचे मेल येत राहिले. बायको कशी चिडवते, पाव कसा करपला, गुडघा कसा कुरकुरतो. आणि शेवटी दरवेळी एक ओळ: 'कडी विसरलो नाही.' कसली कडी, विचारलं तर दादा म्हणायचा, "सायकलीचं काहीतरी," आणि बाल्कनीत निघून जायचा. खाई त्याला खवखवे. पण याने खाल्लंय काय, ते मला कुठे ठाऊक होतं!

तिसऱ्या वर्षी नाव नोंदवायची वेळ आली तेव्हा दादा म्हणाला, यंदा जायचं नाही, कंबर दुखते. सकाळीच तर तो सायकल खांद्यावर घेऊन जिना चढला होता. मी चिडले. "तो बिचारा वाट बघतोय तुझी. चेन जोडायच्या दोन कड्या घेऊन ठेवल्यात, एक तुझ्यासाठी, असं लिहिलंय. इतका जीव लावणारा माणूस, आणि तू नखरे करतोस?"

दादा हातात बूट घेऊन खुर्चीत बसला. मग त्याने सांगितलं.

या शर्यतीत प्रत्येकाच्या पोटरीवर जाड पेनाने वय लिहितात, म्हणजे पुढचा आपल्या गटातला आहे की नाही ते मागच्याला कळतं. गेल्या वर्षी चढावर दादाला एक माणूस वाटेच्या कडेला उभा दिसला. सायकल उलटी केलेली, हातात तुटलेली चेन, पोटरीवर बासष्ट. त्याने हाक मारली, "चेन जोडायची कडी आहे का रे?"

"होती," दादा म्हणाला. "सीटखालच्या पिशवीत दोन होत्या. मी सुट्या भागांशिवाय कधी बाहेर पडलोय का? मी 'नाही' म्हणालो. थांबलोसुद्धा नाही."

बेकरीवाल्याने सायकल ढकलत तो सगळा डोंगर पार केला आणि मग धावलाही. लोक तंबू गुंडाळत होते तेव्हा तो पोहोचला. चौथऱ्यावर दादाचा हात उंच करत म्हणाला, "तुझ्याकडेही नव्हती ना! दोघंही वेंधळे आपण. पुढच्या वर्षी मी दोन आणतो, एक तुझी."

"मेल्याहून मेल्यासारखं झालं गं," दादा म्हणाला. "आता लिफ्टच्या दाराला तोंड लावून 'मी आलोय' म्हणायची लाज वाटते मला."

"नालायका," मी म्हणाले. थोरल्या भावाला जन्मात कधी असं बोलले नव्हते. "तिकीट काढ. दोन काढ, मी येतेय. आणि हे मी मेलमध्ये लिहिणार नाही, सांगून ठेवते. तू तोंडाने सांगायचंस."

शर्यतीच्या आदल्या दिवशी आम्ही तळ्याकाठच्या मैदानात होतो. लोक सायकली पुसत होते, हवा भरत होते. बेकरीवाला लांबूनच लंगडत धावत आला आणि दादाच्या गळ्यात पडला. माझ्यासाठी त्याने स्वतः भाजलेला पाव आणला होता, अजून कोमट होता. मग खिशातून ती इवलीशी कडी काढून त्याने दादाच्या तळहातावर ठेवली.

दादाने मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगून टाकलं. "गेल्या वर्षी तू मागितलीस तेव्हा माझ्याकडे कडी होती. दोन होत्या. मला पहिला नंबर हवा होता."

बेकरीवाला आधी हसला. चेष्टा वाटली असेल. मग त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मी मान खाली घातली. त्याचं हसू विरलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. 'जाऊ दे' म्हणाला असता, तर त्याचे आभार कसे मानायचे तेही मी मनात जुळवून ठेवलं होतं. त्याने फक्त हात पुढे केला.

"मग ती परत दे."

दादाने दिली. बेकरीवाल्याने ती खिशात टाकली, खिशाचं बटण लावलं आणि तो गेला. पाव माझ्या हातात तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी बेकरीवाला सहज जिंकला. दादा दोघांतला दुसरा आला. बक्षिसाच्या वेळी दादा खालच्या पायरीवर चढला. बेकरीवाल्याचं नाव पुकारलं, पुन्हा पुकारलं. तो होता की तिथेच, मैदानाच्या टोकाला, गाडीवर सायकल बांधत. त्याने वर पाहिलं नाही. फोटोवाला थोडा थांबला आणि मग त्याने तसाच फोटो काढला. दादाचे कान लाल झाले होते, पण तो पायरीवरून उतरला नाही.

घरी आल्यावर मला वाटलं, हाही स्वेटरांखाली जाणार. पण दादाने तो मोठा करून घेतला, जराही न कापता. कंपनीत लावायला निघाला तेव्हा मीही सोबत गेले. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर त्याने 'जगात पहिला' खाली उतरवला आणि त्याच खिळ्याला हा लावला.

स्टोअरकीपर जवळ येऊन निरखून बघू लागला. "अहो, ही मधली पायरी रिकामी कशी? पहिला आलेला कुठे गेला?"

घाईत होता, असं काहीतरी दादा सांगेल असं मला वाटलं. मी असते तर तेच सांगितलं असतं.

"तिथेच होता," दादा म्हणाला. "त्याला माझ्या शेजारी उभं राहायचं नव्हतं."

स्टोअरकीपर हसला. आणखी एक-दोघं हसले. दादा हसत नाही हे बघून ते थांबले, आणि कोणीतरी विचारलं, "का?"

दादाने सगळं सांगितलं. तुटलेली चेन, पिशवीतल्या दोन कड्या, आपण काय म्हणालो ते. ज्यांना तो 'आधी बोला' म्हणून शिकवतो, तेही डबे उघडे टाकून ऐकत होते. सांगून झालं. मग दादाने आपली खुर्ची फिरवली आणि फोटोकडे तोंड करून तो जेवायला बसला.