कांद्याच्या चाळीची कडी

बांबूच्या चाळीत साठवलेला कांदा सडायला लागला की जो उग्र वास सुटतो, तो आला की मला नात आठवते. तेव्हा ती चार वर्षांची होती. सून सकाळी सिन्नरला कंपनीत कामाला जायला जीपमध्ये बसली, की पोरगी अंगणात लोळण घ्यायची. सून सांगून जायची, ‘आबा, रागवू नका तिला. नुसतं जवळ बसा, रडून झालं की गप होते ती.’ मी म्हणायचो, ‘चार पोरं वाढवली म्या, आता तू शिकवती का मला?’ एक दिवस पोरगी थांबेचना. शेजारी बघायला लागले, तसं माझं डोकं फिरलं. उचलली अन् कांद्याच्या चाळीत घालून बाहेरून कडी लावली. तिनं दार बडवलं, ‘आबा, मी नाय रडत, उघडा ना!’ मी ओट्यावर तंबाखू मळत बसलो. हळूहळू आवाज बंद झाला. मला वाटलं, जिंकलो. दार उघडलं तर ती बांबूच्या पट्ट्यांना चिकटून उभी, चड्डी ओली, दोन्ही हातांनी स्वतःचंच तोंड दाबून धरलेलं. तरी मी शेजाऱ्याला ऐटीत म्हणालो, ‘बघा, पोरं अशी सुधारत्यात.’ त्यानंतर ती माझ्यापुढं कधी रडली नाही, अन् मांडीवरही कधी आली नाही. आता नाशकात कॉलेजला आहे. येते, पाया पडते, तब्येत विचारते, निघून जाते. चुकलो, एवढं म्हणायला माझी जीभ अजून रेटत नाही, अन् ते ऐकायला ती आता थांबलेलीही नाही.