लिफ्टमधली अनोळखी म्हातारी मीच

मंडळी, दुपारी आपल्या बिल्डिंगच्या ग्रुपवर एक फोटो आलाय. खाली लिहिलंय, "अनोळखी म्हातारी लिफ्टमध्ये लोकांच्या चौकशा करते. सावध राहा."

ती म्हातारी मी. दुसऱ्या मजल्यावरची. पावसाळ्यापासून इथे रामवाडीत मुलाकडे राहते.

चौकशी काय केली? सकाळी लिफ्टमध्ये एका पोरीला विचारलं, "काय गो, चाय झाली का?" तिनं मोबाईल वर धरला. मला वाटलं फोन आलाय. ती माझा फोटो काढत होती.

आमच्या अष्टमी गावात पुलावर कोणी न बोलता पुढे गेलं, तर मागून हाक येते, "काय रे, भांडण हाय का?"

फोटोखाली सगळ्यांनी अंगठे दिलेत. माझ्या मुलानंही फोटो बघितला. "ही माझी आई" एवढं त्याला लिहवलं नाय. उलट मलाच म्हणतो, "आई, इथे लोकांना आवडत नाय. तू कोणाशी बोलूच नको."

बरं बाबा, नाय बोलत. पण उद्या मी गेले की खांद्याला चौघं लागतील. तुमच्यातलं कोण येणार, ते खाली नाव लिहून सांगा. अंगठा नको. अंगठ्यावर तिरडी उचलत नाय.