डावीकडचा पहिला बाक

आपल्याच माहेरात पर्यटक म्हणून हिंडायचं तर तोंड लपवून हिंडावं लागतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्या शनिवारी मी पूर्ण तयारीनं निघाले. पायात मुलाचे नाडीचे बूट, डोक्यावर टोपी, डोळ्यांवर काळा चष्मा आणि गाडीवर बांधतात तसा नाकातोंडावर स्कार्फ. शेगावच्या स्टँडवर सोडायला आलेला नवरा म्हणाला, "चर्च पाहाले चालली का दरोडा टाकाले?" त्याला माझं गाव माहीत नाही. जावई म्हणून तो तिथं गेला की लोक त्याला खुर्ची देतात आणि सोडूनही देतात. मला सोडत नाहीत.

चर्च पाहण्याचं खूळ माझं नव्हतं, माझ्या मैत्रिणीचं होतं. पाचवीपासून दहावीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो. तिचे वडील मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते आणि ते लोक त्या चर्चचे. आता ती नागपूरला असते, दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन होऊन घरात बसलेली. पंधरा दिवसांपूर्वी तिचा फोन आला. चर्चचं छप्पर उतरवणार आहेत म्हणाली. दोन आठवड्यांनी, रविवारपासून कामाला माणसं येणार, उपासना शाळेच्या हॉलमध्ये हलवणार, आणि जुने बाक काही परत यायचे नाहीत, त्यांच्या जागी खुर्च्या येतील.

"माह्यानं काही जाणं होत नाही," ती म्हणाली. "तू जा. डाव्या हाताचा पहिला बाक. त्यावर बस, आन् बसून तिथून समोरचा फोटो काढ. उभ्यानं नको काढू."

"तोच बाक काऊन?"

"तू फोटो तं पाठव. मंग सांगीन."

मी हो म्हटलं. तिच्या बाबतीत मला एकदा तरी हो म्हणून ते करून दाखवायचं होतं. कारण त्या चर्चच्या आत मी कधीच गेले नव्हते. नाताळात फाटकाशी उभं राहून आतली चांदणी पाहायचे, तेवढंच. तिच्या लग्नालासुद्धा मी गेले नाही. तीसेक वर्षं झाली त्याला. बाबांनी येऊ दिलं नाही, असं मी तिला आठवड्यानं सांगितलं होतं, आणि तिनं ते लगेच मान्य केलं होतं.

आता चर्च एरवी बंद असतं. पण गावातल्या कॉलेजात इतिहास शिकवणारे एक तरुण सर महिन्यातून एकदा वारसा फेरी काढतात आणि त्या शनिवारच्या फेरीसाठी चर्चवाल्यांनी दार उघडं ठेवायचं कबूल केलं होतं. मी फोन करून नाव नोंदवलं. वेशीजवळ आम्ही अठरा जण जमलो. सरांच्या गळ्यात ओळखपत्र, कमरेला भोंगा आणि तोंडाशी माईक. सुरुवातीलाच त्यांनी बजावलं, "साडेअकराला आपण चर्चमध्ये असू. बाराला कुलूप लागेल. किल्लीवाल्यांना बाहेरगावी जायचंय. कोणी मागं राहिलं तर थांबता येणार नाही."

मी मनात म्हटलं, मी कशाला राहते मागं?

फेरी सुरू झाली आणि माझं डोकं तापायला लागलं. स्वतःचं गाव दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं फार त्रासाचं असतं. वेशीखाली उभं राहून सर म्हणाले, "या वेशीतून पूर्वी हत्ती ये-जा करत, असं म्हणतात." कोण म्हणतात? मी त्या वेशीत कडब्याची गाडी अडकलेली पाहिली आहे, आणि ती काढायला अर्धा दिवस लागला होता. बारवेपाशी ते म्हणाले की ही बारव लोकजीवनाचं केंद्र होती. आम्ही तिथं बेडकांना खडे मारायचो आणि मार खायचो. पुण्याहून आलेलं एक जोडपं प्रत्येक दाराच्या कडीचा फोटो काढत होतं. एका कडीशी ती बाई इतका वेळ ओणवी उभी होती, की आतून कोणीतरी दार उघडलं आणि "कोण पायजे?" म्हणून विचारलं. मला सरांना चार गोष्टी सांगायच्या होत्या, पण सांगायला स्कार्फ काढावा लागला असता. मी गप्प चालत राहिले आणि मनगटावरचं घड्याळ पाहत राहिले. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. पुढची गल्ली आमची होती. ती ओलांडली की सरळ चर्च.

गल्लीत शिरताना मी पुण्याच्या जोडप्याच्या मधोमध घुसले. ओट्यावर काकू तुरी निवडत बसल्या होत्या. काकू म्हणजे नात्याच्या नव्हेत, समोरच्या घरच्या. पण लहानपणापासून त्यांचा शब्द मी आईच्या शब्दापेक्षा जास्त मानला. वय आता ऐंशीच्या पुढे, डोळ्यांना कमी दिसतं असं भाऊ सांगत होता. मी मान खाली घालून पुढं निघाले.

"थांब वो!"

मी थांबले नाही.

"अवं तुलेच म्हणतो! तोंड बांधलं म्हणून चाल थोडीच लपते? उजवा पाय फेकतेच तू अजून."

सगळी फेरी थांबली. सतरा माणसं माझ्या उजव्या पायाकडे बघायला लागली. सरांना मात्र संधी मिळाली. "हा पाहा, जुन्या वस्तीतला पारंपरिक ओटा," ते माईकमधून म्हणाले आणि पुण्याच्या बाईनं काकूंचा फोटो काढला. काकूंनी पदर सारखा केला आणि सगळ्यांनाच आमंत्रण दिलं. "या बापा, चहा घेऊन जा. किती जण हा? सून टाकते आता."

"नको आजी," सर म्हणाले. "बाराला कुलूप लागतं. परत कधीतरी येऊ."

"बरं बापा," काकू म्हणाल्या.

एवढंच. रुसल्या नाहीत, रागावल्या नाहीत. सर वळले, त्यांच्यामागं सगळे वळले. मी ते डोळ्यांनी पाहिलं. नको म्हणायला एका माणसाला किती वेळ लागतो, ते पाहिलं. मग काकूंनी माझ्याकडे मान वळवली.

"तू तं बसशील न? पाच मिंटं."

आणि मी बूट काढायला लागले.

काय सांगू, माझा मलाच इतका संताप आला होता की नाडीची गाठच सुटेना. तोंडानं मात्र मी "हो काकू, बसते न" असं म्हणत होते. भोंग्याचा आवाज गल्लीच्या टोकाला गेला, कोपऱ्यावर वळला, मग ऐकू येईनासा झाला. काकूंनी सुनेला चहा टाकायला सांगितलं. चहा आला. मी बशीत ओतून दोन घोटांत संपवला, जीभ भाजली, आणि उठले.

"नुसता चहा पाजून पाठवू तुले? पोहे भिजोले तिनं."

अकरा पंचवीस. पोहे आले. काकूंनी माझ्या सासूची तब्येत विचारली, मुलाचं लग्न कुठवर आलं ते विचारलं, माझ्या केसांना काय झालं ते विचारलं. मी घास चावत नव्हते, नुसता गिळत होते. अकरा चाळीसला मी परत उठले. "काकू, मले चर्च पाहाचं हाये. बाराले बंद होते."

"चर्च काय पळून चाललं का? आन् लेकीबाईनं कोरडं नाही जावं. ओटी भरतो."

ओटी म्हणजे खण, नारळ, तांदूळ. खण कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली उशीखाली. उशीखाली नव्हती, देव्हाऱ्यात निघाली. खण मिळाला तर नारळ नाही. सून चपला घालून दुकानात गेली. कोपऱ्यावरचं दुकान बंद होतं म्हणून ती बाजारापर्यंत गेली. मी भिंतीवरच्या घड्याळासमोर बसून होते. मिनिटकाटा सरकताना दिसत होता. मला रडू येत होतं आणि कोणावर तरी ओरडावंसं वाटत होतं, पण ज्यांच्यावर ओरडावं त्या काकू माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणत होत्या, "कितीक दिसानं आली माही बाई." त्यांच्या हाताला तुरीचा वास येत होता.

सून नारळ घेऊन आली तेव्हा बाराला पाच कमी होते. मी पंजाबी ड्रेसमध्ये. ओटीला पदर कुठून आणायचा? मग चहाच्या वेळी तोंडावरून सोडलेला तो स्कार्फच मी पुढं पसरला आणि काकूंनी त्यात सावकाश, एकेक ओंजळ तांदूळ घातले. मी पाया पडले. बूट घातले. नाड्या बांधायला थांबले नाही.

पन्नाशी ओलांडलेली बाई, डोक्यावर टोपी, छातीशी नारळ धरून गावातून पळाली. लोकांनी पाहिलं असेल. पाहू दे.

चर्चच्या फाटकापाशी पोचले तेव्हा फेरी संपली होती. सगळे शेजारच्या गाडीवर उसाचा रस पीत होते. दाराला कुलूप होतं. सर म्हणाले, "मावशी, पाच मिनिटं आधी आला असतात तर." मला त्यांच्या कमरेचा भोंगा तोडून फेकावासा वाटला. किल्ली कुठंय, विचारलं. किल्लीवाले डोणगावला लग्नाला निघून गेले होते. फोन लावला, तो उचलला गेला नाही. मी इमारतीला पूर्ण चक्कर मारली. खिडक्या उंच, काचांवर वर्षानुवर्षांची धूळ. टाचा उंचावून पाहिलं तर एक पंखा दिसला आणि छपराची एक तुळई.

पुण्याच्या बाईला मी विचारलं, आतले फोटो काढलेत का? खूप काढले होते. छप्पर होतं, खिडक्या होत्या, दाराची कडी तर तीन वेळा होती. डावीकडचा पहिला बाकही होता, आणि त्यावर तिचा नवरा हाताची घडी घालून बसला होता.

"या बाकावरून समोरचा आहे का?"

"समोर काही नव्हतं हो विशेष," ती म्हणाली.

मी फाटकाच्या आत, चर्चच्या पायरीपाशी गेले आणि नागपूरला फोन लावला. पहिल्याच रिंगला तिनं उचलला. म्हणजे हातात धरूनच बसली होती.

"काढला?"

"नाही. कुलूप लागलं. मले उशीर झाला."

ती म्हणाली, "जाऊ दे."

"त्या बाकाचं काय होतं, सांग न."

"काय राह्यलं आता त्यात." पण सांगितलं तिनं. "तो तुह्यासाठी ठेवला होता, लग्नाच्या दिवशी. मी त्यावर माही पर्स ठेवली होती, कोणी बसू नये म्हणून. माही मावशी बसाले आली तं तिले उठोलं. मले वाटे, तुले समोरून नीट दिसलं पायजे. पाळकसाहेबाले म्हटलं, थांबा, येते ते. पंधरा मिनिटं थांबोलं मी समद्याइले. मंग आई म्हणे, आता सुरू करा. आज म्हटलं, निदान तिथं बसून तुले दिसन तरी, काय दिसलं असतं ते." मग तिनं माझी समजूत काढली. "तुहा काय दोष त्यात? तुह्या बाबानंच नाही येऊ देल्लं."

माझे बाबा जाऊन नऊ वर्षं झाली. त्या दिवशी सकाळी त्यांनीच मला भेट द्यायला स्टीलचा डबा आणून दिला होता. वर रंगीत कागद लावून दिला होता. "लवकर निघ, उशीर नको करू," असं म्हणाले होते. मी नवी साडी नेसून, डबा घेऊन निघाले, आणि समोरच्या ओट्यावरून हाक आली. काकूंच्या मुलीचं सासरहून पत्र आलं होतं. त्यांना वाचता येत नव्हतं. पाच मिनिटं बस, वाचून दाखव. मी वाचून दाखवलं. मग त्यांना उत्तर लिहून हवं होतं. ते लिहिलं. मग त्या रडल्या, मग चहा झाला, आणि मी पोचले तेव्हा चर्चमधली माणसं जेवायला बसली होती. मी फाटकावरूनच परत आले. आठवड्यानं तिला काय सांगू ते सुचेना, तेव्हा बाबांचं नाव पुढं केलं. ते कोणालाही पटण्यासारखं होतं.

"बाबांनी नव्हतं अडोलं," मी म्हटलं.

"मंग?"

"काकूइकडे बसली होती. त्याइनं बस म्हटलं."

पलीकडे तिच्या घरातला टीव्ही चालू होता, तो कोणीतरी बंद केला. किंवा तिनंच केला.

"आन् आज?" तिनं विचारलं.

"आज बी तिथंच."

ती हसेल असं मला वाटलं. शाळेत असती तर हसली असती. तिनं फोन ठेवला.

फाटकाबाहेर सर सगळ्यांचा एकत्र फोटो काढत होते, "मावशी, या" म्हणून मला बोलावत होते. भावाचा फोन वाजत होता, घरी जेवायला वाट पाहत असणार. ओटीचा स्कार्फ मांडीवर घेऊन मी त्या पायरीवर बसले आणि घड्याळात पाहिलं. बारा वाजून सव्वीस मिनिटं झाली होती. बारा एकेचाळीसपर्यंत मी तिथून हलणार नव्हते. पंधरा मिनिटं किती मोठी असतात, ते मला एकदा बसून पाहायचं होतं.