टेलचं पाणी आणि टिंबाची फाईल

आमच्या घरात गोष्टींच्या पुस्तकांआधी चळवळीची पत्रकं आली. त्यामुळे चारचौघांत लावलेला कागद दिसला, की तो कुणाला दाखवण्यासाठी लावलाय, हा प्रश्न मला आधी पडतो.

अंथुर्ण्याजवळच्या आमच्या पाणी संस्थेत पाटकऱ्याच्या जागी कॉम्प्युटर आला. शेतांकडं पाणी नेणाऱ्या चाऱ्यांची दारं आता तोच उघडतो. नियम जुनाच: पाण्याची पाळी टेलकडून सुरू करायची, म्हणजे शेवटच्या शेताला आधी पाणी. माझ्या आत्याचं शेत अगदी टेलला. तरी वरची शेतं भिजून झाल्यावरच तिच्याकडं पाणी यायचं, तेही घोटभर. तिची उसाची नवी लागण पिवळी पडली. पुढची पाळी हुकली असती, तर ती मोडावीच लागली असती.

आम्ही दोघं संस्थेत गेलो. अध्यक्षांनी ऑपरेटरला सेटिंगची फाईल उघडायला लावली. काळ्या पडद्यावर स्वच्छ ओळ होती: सुरुवात, टेल.

"बघा वैनी. दिसतंय न्हवं?"

"दिसतंय, तात्या. फाईलीत हाय, चारीत न्हाय," आत्या म्हणाली.

फळ्यावर एक पाळी लिहायची आणि पाटकऱ्याच्या कानात दुसरी सांगायची, ही आमच्याकडची जुनी रीत. कॉम्प्युटरलाही असा कान असतो. चालू होतानाच त्याला काही सूचना परस्पर मिळतात, त्यांना एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणतात. फाईलीत काहीही असो, आमचा प्रोग्रॅम आधी त्यांचं ऐकतो. मी ऑपरेटरला त्या सगळ्यांची यादी काढायला सांगितली.

"ते कशाला आता?" अध्यक्षांनी विचारलं.

"फळा बघितला. कान राहिलाय."

लांबलचक यादीच्या मध्येच होतं: सुरुवात, हेड; म्हणजे चारीच्या वरच्या तोंडाकडून. ही ओळ येत होती नावाआधी टिंब असलेल्या एका फाईलीतून. अशा फाईली साध्या यादीत दिसत नाहीत.

"मशीन बसवणाऱ्यानं टेस्टिंगला ठेवली आसंल," अध्यक्ष म्हणाले.

"आन् टेस्टिंग नेमकं तुमच्याच रानापासनं व्हय?" आत्यानं विचारलं.

मागं कुणीतरी खोकल्यासारखं हसलं. ऑपरेटरनं ओळ काढली, प्रोग्रॅम बंद करून पुन्हा चालू केला आणि यादी परत दाखवली. मी ती शेवटपर्यंत वाचली.

पाळीच्या सकाळी आत्या चारीच्या कडेला बसून होती. पाणी पहिल्यांदा तिच्याच सरीत शिरलं. लागण वाचणार होती.

"आता बसला का विश्वास?" मी विचारलं.

"पाण्यावर बसला," ती पाय ओले करत म्हणाली. "पुढच्या पाळीआधी जाऊन ती यादी परत काढाय लाव."