आईची दम्याची वही

मला पहिली नोकरी लागली ती लोकांना फुंकायला लावायची. हसू नका, खरंच सांगते. आमच्या शहरातल्या फ्रीगंज भागातल्या एका छातीच्या डॉक्टरांनी दम्याचा अभ्यास हाती घेतला होता. घरोघरी फिरायला त्यांना हिंदी आणि मराठी दोन्ही बोलणारी, कुत्र्यांना न घाबरणारी मुलगी हवी होती. मी बी.एस्सी. होऊन दोन वर्षं घरी बसलेली. कुत्र्यांना मी भयंकर घाबरायचे, पण मुलाखतीत असं कोण सांगतं?

काम सोपं होतं. प्रत्येक पेशंटला एक प्लास्टिकची नळी आणि एक वही द्यायची. पेशंटने उभं राहून छाती भरून श्वास घ्यायचा, नळी ओठांत घट्ट धरायची आणि एका झटक्यात फुंकायचं. नळीवरचा काटा सरकत जिथे थांबेल तो आकडा वहीत लिहायचा. रोज सकाळी आणि संध्याकाळी, चार महिने. आकडा मोठा म्हणजे श्वासनळ्या मोकळ्या, आकडा उतरला म्हणजे आत सूज वाढतेय. माणसाला धाप जाणवायच्या आधी आकडा पडायला लागतो, हे डॉक्टरांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. त्या आकड्यांवरूनच ते तोंडाने ओढायच्या पंपाचा डोस कमी-जास्त करायचे.

तेव्हा बाजारात रोज नवं काहीतरी येत होतं. गल्लीत केबलच्या तारा लोंबायला लागल्या होत्या, कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडीचे पिवळे बूथ उघडले होते, आणि औषधांच्या दुकानांत पंपही सहज मिळत होते. पण पंपाचं नाव काढलं की लोक असे बघायचे, जणू मी त्यांना दारूची सवय लावायला आलेय. शिवाय दमा आहे हे कबूल कोण करणार! मी देवास गेटवरून टेम्पोत बसून भैरवगढला जायचे, तिथल्या कापड छापणाऱ्यांच्या घरी. खोकून खोकून डोळ्यांतून पाणी आलेला माणूस मला सांगायचा, "दमा थोड़ी है बाईजी, बस जरा सांस भर जाती है."

माझा स्वभाव तापट. आता वयाने थोडा निवलाय, तेव्हा नुसता भडका होता. वहीत रिकामा रकाना दिसला की माझं डोकंच फिरायचं. एका छपाईवालीच्या वहीत पानभर आकडा नाही, मधूनमधून नुसते लाल रंगात बुडवलेले अंगठे. ती बिचारी म्हणाली, "लिखना नहीं आता दीदी. जिस दिन सांस चढ़ी, उस दिन अंगूठा लगा दिया." मी तिला सगळ्या घरादेखत झापलं. वही सरकारी कागद आहे का अंगठे उठवायला, मला आकडा पाहिजे, आणि वही अशी घाण करायची असेल तर नळी परत दे. घरी येऊन हा किस्सा मी आईला रंगवून रंगवून सांगितला, त्या छपाईवालीच्या आवाजाची नक्कल करून. आई हसली नाही. मला वाटलं, दमलीय.

आई प्राथमिक शाळेतून रिटायर झालेली. वडील गेल्यापासून आम्ही दोघीच. दमा तिला माझ्या जन्माच्याही आधीपासून, त्यामुळे डॉक्टरांनी तिलाही अभ्यासात घेतलं होतं. आणि तिची वही! काय सांगू तुम्हाला. एक रकाना रिकामा नाही, एक खाडाखोड नाही, वळणदार अक्षरात तीनशेदहा, तीनशेवीस, तीनशेवीस. पहिल्या महिन्याची वही तर मी पिशवीत घालून भैरवगढभर मिरवली. "ये देखो, साठ साल की हैं, ऐसे भरते हैं." डॉक्टरही खूश झाले. आकडे इतके स्थिर आहेत म्हणजे दमा आटोक्यात आहे, असं म्हणून दिवाळीच्या तोंडावर त्यांनी तिचा पंपाचा डोस निम्मा केला.

मग थंडी पडली. आई केर काढताना मध्येच खाटेवर टेकायला लागली. बोलताना वाक्य अर्ध्यात सोडायची आणि राहिलेलं हातवारे करून सांगायची. झोपायला एका उशीच्या तीन उश्या झाल्या. मी विचारायचे, "काय होतंय?" ती म्हणायची, "काही नाही गं, गारठा आहे." मग मी वही उघडायचे. तीनशेवीस. मला हायसं वाटायचं. समोर बसलेल्या आईपेक्षा मी त्या वहीवर विश्वास ठेवत होते, हे आज लिहितानाही लाज वाटते.

संक्रांत होऊन गेली होती. एका गुरुवारी टेम्पोवाल्यांनी सकाळीच बंद पुकारला, म्हणून मी देवास गेटवरूनच परत फिरले. दहा वाजले असतील. आई न्हाणीघरात होती. टेबलावर तिची वही आणि पेन. सहज म्हणून उघडली. गुरुवार सकाळ भरलेली होती. गुरुवार संध्याकाळ भरलेली होती. शुक्रवार, शनिवार, रविवार, सगळं भरलेलं. एकाच पेनाने, एकाच बैठकीत.

मला क्षणात उलगडलं, कारण माझं सगळं लहानपण ते बघण्यात गेलं होतं. शाळेत टाचण लिहावं लागायचं. येत्या आठवड्यात कुठल्या तासाला काय शिकवणार ते आधीच लिहून ठेवायचं आणि सोमवारी मोठ्या बाईंची सही घ्यायची. तीस वर्षं आईने दर रविवारी जेवण झाल्यावर ऐसपैस बसून अख्खा आठवडा लिहून काढला होता. तपासायला येणाऱ्याला वही भरलेली दिसली पाहिजे, मग आपल्या मागे कटकट नाही. आणि आता तपासायला येणारी मी होते.

ती भिंतीला धरून बाहेर आली. मी वही तिच्यासमोर नाचवली.

"हे काय आहे? रविवारचा श्वास तू गुरुवारीच घेऊन ठेवलास का?"

"बसू... दे."

"या आकड्यांवर डॉक्टरांनी तुझं औषध कमी केलंय, आई! मी ही वही गावभर दाखवत फिरले! एकदा तरी फुंकलंस का त्या नळीत?"

तिने खाटेची कड धरली. खांदे वर-खाली होत होते, गळ्याच्या शिरा दोरीसारख्या ताठ झालेल्या. मग ती तुकड्यातुकड्यांनी बोलली.

"फुंकलं की उबळ येते. तासभर... थांबत नाही. मग आकडा कुठून आणू? रकाना रिकामा ठेवला असता, तर... त्या अंगठेवालीला बोललीस, तसं मला बोलली असतीस."

"तुला कशी बोलेन मी तसं?"

"आत्ता काय करतेयस?"

ती पुढे म्हणाली, अगदी शांतपणे, शाळेत एखाद्या मुलीला समजावून सांगावं तसं, "तू ओरडलीस ना, की माझा श्वास... आणखी अडकतो. म्हणून नाही सांगितलं गं."

चाळीस-चाळीस पोरांच्या वर्गाला नुसत्या नजरेने गप्प करणारी माझी आई. ती मला घाबरत होती, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. मला रडू फुटलं, पण रडायलाही वेळ नव्हता. तिचे ओठ निळसर दिसायला लागले होते. मी नळी आणली, तिच्या पाठीला हात लावून उभी राहिले, म्हटलं, जमेल तेवढंच फुंक. काटा एकशेतीसवर थांबला. उबळ आली, ती ओसरेपर्यंत मी तिला धरून ठेवलं. तिचे आकडे खोडले नाहीत, फक्त खाली एकशेतीस लिहून त्यावर वेळ घातली. मग शाल गुंडाळून तिला रिक्षात घातलं. फ्रीगंजपर्यंत मी एक अक्षर बोलले नाही. बोलले असते तर काय सूर लागला असता, याचा मला भरवसा नव्हता.

डॉक्टरांनी वही पाहिली, आईकडे पाहिलं आणि आधी तिच्या तोंडावर मास्क लावला. वाफेतून औषध, हाताला इंजेक्शन. अर्ध्या तासाने तिच्या ओठांवर रंग परतला. डॉक्टर रागावले नाहीत. स्टूल ओढून तिच्याजवळ बसले आणि मास्क जरा बाजूला करून त्यांनी विचारलं, "माताजी, सच-सच बताइए. कब से ऐसा चल रहा है?"

आईने डॉक्टरांकडे पाहिलंच नाही. तिने माझ्याकडे पाहिलं.

मी उठले, बाहेर गेले आणि दार ओढून घेतलं. व्हरांड्यात पेशंटांच्या बाकाला टेकून उभी राहिले. आतून आईचा आवाज आला, हळू पण स्पष्ट.

"दिवाली से."