बारा पाकिटं आणि सोमीबाई

भुताखेतांच्या गोष्टी मी गंमत म्हणूनही कधी ऐकल्या नाहीत. एम.एस्सी. बॉटनी केलंय, आणि जे मोजता येत नाही त्यावर मी मत देत नाही. म्हणून हे लिहायला दोन वर्षं लागली...

भिवंडीजवळ पूर्णा गावात गोदामांची रांग आहे. तिथल्या एका बियाण्याच्या गोदामात मी उगवण तपासते. भाताचे शंभर दाणे ओल्या कागदात गुंडाळायचे, ठरावीक तापमानाला ठेवायचे आणि चौदाव्या दिवशी मोजायचं, किती उगवले. बस, एवढंच काम.

सोमीबाई शेलार गावापलीकडच्या पाड्यावरून रोजावर यायची. पोती लावायची, झाडलोट करायची. तपासणीला लावून उरलेलं बी मी एकदा तिला देऊ केलं, तर पिशवीवर हात ठेवून म्हणाली, "नको ताय. मेलाय यो."

चौदाव्या दिवशी त्या बियाण्याचा लॉट नापास झाला. पुढे आणखी दोनदा तसंच झालं. मग गोदामाचे सुपरवायझर रईसभाई मागे लागले — "मॅडम, चौदा दिन कशाला थांबायचं? सोमीबाई को पूछ लो ना!"

ते हसत म्हणायचे, पण एकदा माझा रिपोर्ट यायच्या आधीच त्यांनी एक लॉट बाजूला काढला. हे थांबवायला हवं होतं. तिला वास येत असेल किंवा ओल कळत असेल, असा माझा अंदाज होता. अंदाज आहे तर तपासायचा.

एकाच चांगल्या पोत्यातून बारा पाकिटं भरली. त्यातल्या सहांमधले दाणे आधी ओव्हनमध्ये तापवून मारले होते. पाकिटं जाड फॉइलची, मशीनने सील केलेली. दोन्ही ढिगांवर उलटसुलट नंबर रईसभाईंनी टाकले, तेही मी बाहेर असताना, आणि यादी स्वतःच्या खिशात ठेवली. म्हणजे कुठलं पाकीट कुठलं, ते समोर बसलेल्या मलाही माहीत नव्हतं.

सकाळचा चहा झाल्यावर सोमीबाईला बसवलं. ती एकेका पाकिटावर तळवा ठेवत गेली. "यो जित्ता हाय... यो न्हाय... यो पन न्हाय..." भाजी निवडावी तितक्या सहज. दोन मिनिटांत उठून झाडूकडे गेली.

यादी उघडली. तिने सात मेलेली सांगितली होती. म्हणजे सहाच्या सहा बरोबर, पण सात नंबरचं, जिवंत बियांचं पाकीटही तिने मेलेलं ठरवलं होतं.

"कितने सही?" रईसभाईंनी विचारलं.

"अकरा. एक चुकलं."

खरं सांगते, मला हायसं वाटलं. रईसभाईही थोडे हिरमुसले आणि त्या दिवसापासून तिला विचारणं बंद झालं.

नियम म्हणून बाराही पाकिटांतले शंभर-शंभर दाणे मी लावले. चौदाव्या दिवशी पाच पाकिटं उत्तम उगवली होती. सात नंबरमध्ये एकही कोंब नव्हता. शंभरातला एकही नाही.

पहिली शंका स्वतःवर घेतली — भरताना मीच तापवलेलं बी टाकलं असणार. पण ओव्हनमधलं बी कोरडं होतं. सात नंबरच्या उरलेल्या दाण्यांची ओल मोजली, ती मूळ पोत्याइतकीच निघाली. ओव्हन त्यांनी पाहिलाच नव्हता. मग जिवंत दाण्याचा गर्भ लाल करणारं रसायन वापरलं. सगळे दाणे पांढरे राहिले. मूळ पोत्यातलं बी मात्र अजूनही उत्तम उगवत होतं.

दुपारी सोमीबाई मागच्या दाराशी डबा खात होती. तिच्याजवळ जाऊन बसले. "सात नंबरचं पाकीट... ते मेलंय हे कसं कळलं?"

ती घास चावत राहिली. मग म्हणाली, "तू भरला तवा जित्ता व्हता, ताय."

"मग?"

"मंग न्हाय ऱ्हायला." आणि डबा धुवायला गेली.

माझ्याकडे याचं स्पष्टीकरण नाही. एकदा घडलेल्या गोष्टीवरून निष्कर्ष काढत नाहीत, प्रयोग पुन्हा करायचा असतो, हे मला पक्कं माहीत आहे. पोतं आहे, फॉइल आहे, सोमीबाई अजून रोज येते आणि नाही म्हणणार नाही. तरी पाकिटं मी अजून भरलेली नाहीत.

रईसभाईंना आजही वाटतं, अकराच बरोबर होती.